माकडतापाबद्दल एक ओळही नाही



रविवारच्या पुरवणीतला गोचिडीवरचा लेख वाचून संताप आला. अर्धे पान लाइम आजाराला! अमेरिकेतली हरणे, कातडीवर उठणारे लाल वर्तुळ, सगळे साग्रसंगीत. आणि गोचिडीतूनच पसरणाऱ्या माकडतापाबद्दल एक ओळही नाही. लाइमचा रुग्ण आपल्याकडे क्वचित सापडतो. माकडतापाने सिंधुदुर्गात, बांदा-दोडामार्ग भागात, २०१६ पासून माणसे दगावली आहेत. काजूच्या बागांत राबणारी माणसे. या तापाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, आणि पुण्याची तरुण मंडळी तिलारी-आंबोलीला निघतात तीही थंडीतच.

१९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा हा विषाणू शोधून काढला तो पुण्याच्या संस्थेने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने. शनिवार पेठेतून तिथे जायला रिक्षाने अर्धा तासही लागत नाही. ज्या शहरात हा विषाणू शोधला गेला, त्याच शहराला सत्तर वर्षे होत आली तरी त्याचा पत्ता नसावा?

आमच्या वाड्यातला एक मुलगा परवा दोडामार्गहून आला तो गुडघ्यामागे तिळाएवढी गोचीड घेऊन. कोणी म्हणाले रॉकेल लावा, कोणी पेटती उदबत्ती टेकवायला निघाले. हे दोन्ही घातक. बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीलगत धरायची, न पिळता, न चिरडता सरळ वर ओढायची आणि जागा साबणाने धुवायची. एवढेच तर छापायचे होते!

पुढे ताप आला की डेंगीची तपासणी आणि पॅरासिटामॉल. ‘जंगलात गेला होतात का?’ हे किती डॉक्टर विचारतात? गोचिडीमुळे येणारा रिकेट्सियाचा ताप पुणे जिल्ह्यातही आहे. त्यात तळहात-तळपायांवरही पुरळ उठते आणि वेळेवर डॉक्सिसायक्लिन दिले तर माणूस बरा होतो. माकडतापावर असे हुकमी औषध नाही. तिथे लवकर ओळखून रुग्णालयात दाखल करणे हाच इलाज. दोन्हींत न विचारलेला प्रश्न जिवावर बेतू शकतो.

आणि गोचीड चावायला जंगलातच जायला हवे असेही नाही. ओंकारेश्वराच्या बाजूला नदीकाठी पडलेल्या कुत्र्यांचे कान जवळून पाहा, आतून गोचिडींनी भरलेले असतात. रिकेट्सियाचा ताप कुत्र्यांच्या गोचिडींतूनही येतो. या कुत्र्यांना बिस्किटे घालणारे पुष्कळ, औषध घालणारा एकही नाही, आणि लहान मुले त्यांच्याच गळ्यात हात टाकून बसतात.

तेव्हा पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, माकडतापाची माहिती छापा. गोचीड काढल्याची तारीख लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता ती आधी सांगा, हे त्यात पहिल्या ओळीत येऊ द्या.

— एक वाचक, शनिवार पेठ, पुणे