एकच प्रवेशद्वार



अमेरिकेतील टेक्सास राज्यात २६ जानेवारी १८९२ रोजी बेसी कोलमन हिचा जन्म झाला. घरची गरिबी, भावंडे पुष्कळ. कापूस वेचणीचा हंगाम आला की शाळा सोडून मुलेही शेतात राबत. बेसीचे गणित उत्तम, म्हणून वेचणीचा घरचा हिशेब तिच्याकडे असे. एरवी ती रोज चार मैल चालून शाळा गाठी.

त्या प्रदेशात कृष्णवर्णीयांसाठी शाळा वेगळी, रेल्वेचा डबा वेगळा, खेळ पाहायला जाण्याचे दारही वेगळे होते. बेसी कृष्णवर्णीय होती.

पुढे ती शिकागो शहरात आली आणि केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखे नीटनेटकी करून देण्याचे काम करू लागली. फ्रान्समधील स्त्रिया विमान चालवितात, असे महायुद्धाहून परतलेल्या भावाने सांगितले आणि तिच्या मनाने निश्चय केला. अमेरिकेतील वैमानिक शाळांनी मात्र तिला प्रवेश नाकारला. ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्राचे संस्थापक रॉबर्ट ॲबट यांनी तिला फ्रान्सला जाण्याचा सल्ला दिला. बेसीने पैसा साठविला, फ्रेंच भाषा शिकली आणि नोव्हेंबर १९२० मध्ये ती बोटीने निघाली.

तेथील विमाने लाकडाची आणि कापडाची, फार नाजूक असत. एका सहाध्यायीचा अपघाती मृत्यू तिने पाहिला, तरी शिक्षण सोडले नाही. १५ जून १९२१ रोजी तिला आंतरराष्ट्रीय वैमानिक परवाना मिळाला. तो मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री होय.

मायदेशी ती आकाशात कोलांट्या घेणाऱ्या विमानाचे खेळ करू लागली. चित्रपटात काम करण्याची संधीही आली. परंतु त्यात फाटक्या वेषात दिसावे लागणार, हे कळताच तिने ती नाकारली. पुढे बालपणीच्या वॅक्साहाची गावात तिचा खेळ ठरला. तेथे गोऱ्यांसाठी एक आणि कृष्णवर्णीयांसाठी दुसरे प्रवेशद्वार होते. बेसीने निक्षून सांगितले, सर्वांना एकाच दाराने आत घ्याल, तरच विमान उडेल. आयोजकांना ते मानावे लागले. आतील बैठका मात्र वेगळ्याच राहिल्या. परंतु दार एक झाले.

३० एप्रिल १९२६ रोजी विमान अपघातात बेसीचे निधन झाले. कृष्णवर्णीयांसाठी वैमानिक शाळा काढण्याचे तिचे स्वप्न अपुरे राहिले. पण १९९२ साली मे जेमिसन ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री अंतराळात गेली, तेव्हा तिने बेसीचे छायाचित्र सोबत नेले होते.

तीर्थंकरांच्या समवसरणात देव, मनुष्य, पशुपक्षी सर्वांना स्थान असते, हे तुम्ही पाठशाळेत ऐकले आहे. बेसीने ते ऐकले नव्हते. पण हाती आलेले यश तिने दुसऱ्यांसाठी दार उघडण्यास वापरले. तुमच्या खेळात कुणी दाराबाहेर उभे तर नाही ना, हे आज अवश्य पाहा.