धार मागाहून, आधी खटका बघा

शेतकरी बंधूंनो, घडीचा चाकू आपल्या खिशात असतोच. सुतळी तोडायला, कलमाला काप द्यायला, नाहीतर बांधावर बसून काकडी चिरायला. पण घेताना आपण बघतो काय? धार. नखावर लावून बघायची, घासाघीस करायची आणि खिशात टाकायचा. उघडलेलं पातं कशाच्या आधारावर उभं राहतं, हे कोणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. ठिबकच्या नळीला चाकूच्या टोकाने भोक पाडायला गेलो, पातं उलटं फिरलं ते थेट तर्जनीवर. चार टाके पडले आणि ऐन छाटणीत हात बांधून बसलो.

साध्या घडीच्या चाकूला खटका नसतोच. पाठीतली पोलादी पट्टी पात्याला नुसती दाबून धरते. कापताना जोर धारेवर येतो, त्यामुळे पातं उघडं राहतं. पण टोक खुपसताना किंवा लाकडात रुतलेलं पातं हिसडून काढताना ते मिटतं, आणि मिटण्याच्या वाटेवर आपलीच बोटं असतात.

खटक्यातही फरक आहे बरं का. एकात मुठीच्या आतली पत्र्याची जीभ पात्याच्या बुडाला टेकते. हा एका हाताने मिटतो, पण मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो. दुसऱ्यात पाठीवरची दांडी पात्याच्या खाचेत बसते. पकड घट्ट, मात्र खाचेत चिखल किंवा चीक साठला की दांडी पुरती बसत नाही. तिसरा सगळ्यात साधा. पात्याच्या मानेवर एक फटीची कडी असते. ती फिरवली की पात्याची वाट बंद. फ्रान्समधल्या ओपिनेल चाकूला 1955 पासून ही कडी आहे. लाकडी मूठ पाण्याने फुगते आणि पातं जाम होतं, ही त्याची खोड. तरी चिखलातल्या कामाला मी कडीचाच घेईन. खटका डोळ्यांना दिसतो, लागला की नाही ते कळतं.

आता पोलीस पाटलांना एक विनंती. खटका दिसला की लगेच 'रामपुरी' म्हणू नका. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, आणि त्यातूनही शेतीकामासाठी बनवलेली हत्यारं वगळली आहेत. शेतकऱ्यांनीही कलम 37 (1) चा मनाई आदेश असताना चाकू घेऊन बाजारात जाऊ नये.

विकत घेताना दुकानातच पारख करा. पातं उघडून खटका लावा, मूठ अशी धरा की बोटं पात्याच्या वाटेत नकोत, आणि पात्याची पाठ लाकडी फळीवर हळूहळू दाबा. जरा जरी मिटायला लागलं, तर चाकू दुकानदाराला परत द्या, धार कितीही चांगली असू दे.