चित्राचं मूळ माप विचारा

नव्या घराला रंग लागला की दिवाणखान्यातल्या मोठ्या भिंतीसाठी चित्राचा शोध सुरू होतो. बहुतेक वेळा सोफ्याला जुळेल असं एखादं अमूर्त चित्र पसंत पडतं. ते कुणाचं, मूळ चित्र केवढं, कशावर काढलेलं, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते छापील प्रत घेताना आधी हेच विचारायला हवं.

बाजारात हमखास दिसणारं चित्र घ्या : कांडिन्स्कीचं १९१३ मधलं. तीन ओळींत बारा चौकोन आणि प्रत्येकात वर्तुळात वर्तुळं. शेजारचा रंग बदलला की रंग कसा वेगळा दिसतो, हे पाहण्यासाठी त्यानं कागदावर केलेला हा अभ्यास. म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयातलं मूळ चित्र जेमतेम २४ बाय ३२ सेंटीमीटरचं आहे. दुकानात मात्र ते तीन-चार फुटी कॅनव्हासवर मिळतं. एवढं ताणल्यावर जलरंगाची नजाकत फिसकटते. तेच मूळ मापात, चांगल्या मॅट कागदावर छापलं तर रंग कडेला कुठे साकळला, कुठे शेजारच्या वर्तुळात उतरला, सगळं दिसतं. कागदावरचं चित्र कागदावर आलं की फारसं हरवत नाही.

वासुदेव गायतोंडे यांच्या तैलचित्रांचं तसं नाही. रोलरनं आणि पॅलेट नाइफनं चढवलेल्या, खरवडलेल्या थरांमधून तिथला उजेड येतो. छपाईत ते थर सपाट होतात. ती चित्रं संग्रहालयात समोर उभं राहूनच पाहावीत. शिवाय आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. गायतोंडे २००१ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या चित्राची प्रत रीतसर परवानगीनं छापली आहे ना, याची खात्री करायलाच हवी. कांडिन्स्की १९४४ मध्ये गेला, त्याच्या चित्रांना इथे ते बंधन उरलेलं नाही.

छापील चित्र लावण्यात कमीपणा मुळीच नाही. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि त्याच्या प्रतींनीच चित्रं घरोघरी पोचवली. पण प्रत घेतली की तिची निगाही राखावी. फ्रेमवाल्याला अ‍ॅसिड-फ्री माउंट घालायला सांगावं, म्हणजे काच कागदाला टेकत नाही. टेकली तर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो, बुरशी धरतो. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळावी, थेट ऊनही टाळावं.

मोठ्या भिंतीची काळजी सोडा. लहान चित्र आपण रोज बसतो तिथे, नजरेच्या उंचीवर लावा. अमूर्त चित्राची ओळख एका भेटीत होत नाही. ते रोज जवळून पाहायला मिळावं, यासाठीच तर प्रत घरी आणायची.