मडगार्डवरचा हात

जुन्या मोटारींचे फोटो काढण्याचा मला नाद आहे. नाद तसा निरुपद्रवी. त्यासाठी मोटार विकत घ्यावी लागत नाही. तरी आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "घरातल्या माणसांचे एवढे फोटो काढले असते, तर अल्बम तरी भरला असता!"

गेल्या हिवाळ्यात मुंबईला, फोर्टात अशा मोटारी जमल्या होत्या. मी भल्या सकाळीच पोचलो. ऊन चढले, की पितळेवर आणि निकेलवर अशी तिरीप येते, की फोटोत नुसता लखलखाटच उमटतो. शिवाय उभ्याने फोटो काढू नये. गुडघे टेकून कॅमेरा दिव्यांच्या उंचीवर आणावा आणि जरा कडेला सरावे, म्हणजे मोटारीचे तोंड, बाजू आणि फूटबोर्ड एकदम दिसतात. माझे गुडघे हल्ली टेकतात लवकर, पण उठतात उशिरा. सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या मोटारींना 'व्हिंटेज' ठरवले. त्या हिशेबाने मीही त्यांतलाच! जाणकार मात्र कडक. त्यांच्या लेखी १९१९ ते १९३० मधली तीच खरी व्हिंटेज.

एका कोपऱ्यात ऑस्टिन सेव्हन उभी होती. आपल्याकडची 'बेबी ऑस्टिन'. १९२२ साली इंग्लंडात निघाली. लांबी जेमतेम नऊ फूट. साइडकारच्या फटफटीवर भागवणाऱ्या कुटुंबांनाही चार चाके परवडावीत, म्हणून काढलेली. मी कॅमेरा रोखला, तर मडगार्डवर हात ठेवून एक चिमुरडी उभी!

"बाळ, जरा बाजूला होतेस का?"

ती बिचारी झाली. चकचकीत मडगार्डावर पाच इवल्या बोटांचे ठसे तेवढे राहिले. ते पुसायला मी रुमाल काढला आणि थबकलो.

आमच्या अल्बममध्ये नानांचा एक फोटो आहे. बेबी ऑस्टिनच्या मडगार्डवर हात ठेवून नाना ऐटीत उभे आहेत. "आमची मोटार होती," असे मी शाळेत सगळ्यांना सांगत असे. पुढे आई एकदा हसत म्हणाली, "अरे, कसली मोटार! समोरच्या डॉक्टरांची होती ती. फोटोपुरता हात ठेवला होता यांनी." नानांचा जन्म सायकलवर गेला. फोटोत मोटारीचे तोंड अर्धे कापले गेले आहे. माझ्या नियमांनी तो फोटो साफ नापास. पण घरात आल्यागेल्याला दाखवला जातो तो तोच.

मी रुमाल खिशात घातला. मोटारीच्या मालकांना विचारले; ते हसून "ठेवू दे की!" म्हणाले. मग पोरीला हाक मारली, "ये गं, ठेव हात पहिल्यासारखा."

तिच्या वडिलांनी फोटो मागून घेतला. घरी आल्यावर सौभाग्यवतींना दाखवला.

"मोटार अर्धीच आलीय," त्या म्हणाल्या. मग चष्मा लावून पुन्हा पाहत त्यांनी विचारले, "पोर कुणाची हो? गोड आहे!"

इतक्या वर्षांत माझ्या फोटोबद्दल त्यांनी पहिल्यांदाच काही विचारले.