देणे कोणाचे, फेडणार कोण?

शासकीय महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात आज एकाच टेबलाभोवती तीन प्रकारचे प्राध्यापक चहा घेताना दिसतात. पहिले १ जानेवारी २००५ पूर्वी सेवेत लागलेले. त्यांना शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता मिळणार. दुसरे त्यानंतर लागलेले. त्यांच्या पगारातून दरमहा १० टक्के कापले जातात, शासन आपला वाटा घालते आणि शेवटी हाती काय पडेल ते बाजार ठरवतो. तिसरे ‘अतिथी विद्वान’. नाव मोठे भारदस्त, पण पेन्शन जुनीही नाही नि नवीही नाही. अभ्यासक्रम तोच, समोरची मुलेही तीच! (महाराष्ट्रात ही रेघ १ नोव्हेंबर २००५ रोजी ओढली गेली आणि कर्नाटकात १ एप्रिल २००६ रोजी, तेव्हा कन्नड विभागाच्या वाचकांनाही हे चित्र परके वाटू नये.)

जुनी पेन्शन परत द्या, ही मागणी या विषमतेतून जन्मली आणि ती समजण्यासारखी आहे. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील कर्मचारी तिच्यासाठी संपावर गेले. राजस्थान व छत्तीसगड यांनी २०२२ साली आणि हिमाचल प्रदेशाने २०२३ साली ती मान्यही केली. परंतु वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला त्यातला जमाखर्च पाहिल्यावाचून राहवत नाही. जुनी पेन्शन आणली की शासनाला दरमहाचा वाटा निधीत भरावा लागत नाही, म्हणजे आज तिजोरीत पैसा वाचतो. बिल येते ते आजचे कर्मचारी निवृत्त होऊ लागल्यावर, आणि ते चुकवायचे आज शाळेत असलेल्या मुलांनी. हा बोजा नव्या योजनेच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो, असे रिझर्व्ह बँकेच्या मासिकात सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासलेखात मांडले होते. निर्णय घेणाऱ्याला मते मिळतात, अंदाजपत्रकाला दिलासा मिळतो आणि ज्याच्या नावावर कर्ज पडते तो अजून मतदारच झालेला नसतो. याहून सोयीचा व्यवहार कोणता?

एवढे वाचून कोणी म्हणेल, हा मुलगा म्हाताऱ्यांच्या ताटातले काढायला निघाला! तसे नाही. माझी फी आजोबांच्या पेन्शनमधूनच भरली जाते, आणि वर्गात असा मी एकटा नाही. पेन्शन एकाची, पण तिच्यावर चालते सारे घर. म्हणूनच ‘वृद्ध विरुद्ध तरुण’ ही मांडणी मला खोटी वाटते. खरा भेद आहे तो शासकीय नियुक्तिपत्र असलेल्यांत आणि नसलेल्यांत, आणि तो दोन्ही पिढ्यांत आहे.

आपल्या इंदुरातच पाहा. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली आणि ५,८९५ कामगार बेकार झाले. त्यांचे देणे उच्च न्यायालयाने २००७ साली २२९ कोटी रुपये ठरविले. काही रक्कम मधल्या काळात मिळाली. राहिलेल्या देण्यापोटी सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. बत्तीस वर्षे! तिशीत बेकार झालेला माणूस तोवर बासष्टीचा झाला. कित्येक कामगार तर वाट पाहता पाहता वारले आणि पैसे वारसांच्या हाती आले. शेकडा ७ दराने चक्रवाढ धरली तर ३२ वर्षांत मुद्दल साडेआठ पटींहून अधिक होते. उशिरा दिलेला रुपया हा रुपया नसतो, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. त्या काळात त्या घरांतल्या मुलांची शिक्षणे कशी झाली असतील? आणि या सर्व वर्षांत शहराच्या मध्यभागी मिलची साडेबेचाळीस एकर जमीन पडून होती. बापाचे बुडलेले देणे मुलाच्या खात्यावर कसे चढते, हे पाहायला दिल्लीचे अहवाल नकोत, मिलच्या भिंतीकडेने चालत गेले तरी पुरे.

खाजगी नोकरीतून निवृत्त होणाऱ्यांसाठी १९९५ च्या योजनेतील किमान पेन्शन २०१४ साली १,००० रुपये ठरली, आणि पुढे दहा वर्षे उलटली तरी तेवढीच राहिली. मध्य प्रदेशात निराधार वृद्धांची मासिक पेन्शन २०१९ साली ३०० ची ६०० झाली. यांच्यासाठी संप कोण करणार?

तरुणांचे म्हणाल, तर २०१८ साली राज्य शासनाने निवृत्तीचे वय ६० वरून ६२ केले. त्या दोन वर्षांत ज्या जागा रिकाम्या व्हायच्या त्या झाल्या नाहीत. भंवरकुव्याच्या खोल्यांतून परीक्षांची तयारी करणाऱ्यांना त्याबद्दल कोणी विचारले नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये हीच मुले भर थंडीत लोकसेवा आयोगाच्या कार्यालयापुढे रात्रंदिवस बसली, तेव्हा कुठे त्यांच्याशी बोलणे झाले.

म्हणून जुन्या पेन्शनच्या निवेदनावर सही मागायला कोणी आले, तर मी आधी दोन गोष्टी शोधीन. पुढील तीस वर्षांचा बोजा दरवर्षी अंदाजपत्रकात आकड्यांनी छापावा आणि त्यापोटीची रक्कम त्याच वर्षी बाजूला काढावी, ही अट त्यात आहे का? आणि ते १,००० व ६०० रुपये आधी वाढवावेत, असे त्यात लिहिले आहे का? शिक्षक-कक्षातल्या त्या तिसऱ्या खुर्चीचा उल्लेख असेल, तर सही करताना माझा हात अडखळणार नाही.