पद्मिनीला ठिगळ

नवीन गाडी आली की आपल्याकडे पहिल्या दिवशी नारळ, दुसऱ्या दिवशी परफ्युम आणि तिसऱ्या दिवशी मॅट! आणि मॅट एकदा पडलं की खाली काय चाललंय, कुणी बघत नाही. सर्व्हिसिंगला ऑइल बदलतं, एसी चेक होतो, बॉडीला पॉलिश होतं. मॅटखालचा पत्रा मात्र वर्षानुवर्षं अंधारात. गंजाला काय हवं असतं? लोखंड, ओल आणि हवा, बस्स! पावसाळ्यात आपण ओले बूट घेऊन गाडीत बसतो. पाणी मॅटखालच्या नमद्यात मुरतं, आणि तो नमदा दिवाळीपर्यंत काही सुकत नाही. फंडा एकदम सिंपल आहे. ओली गोधडी लोखंडावर टाकून ठेवली, तर दुसरं काय होणार?

आमच्या घरात हे झालं बाबांच्या १९९६ च्या प्रीमियर पद्मिनीला. क्रीम कलर, गिअर स्टिअरिंगपाशी, नंबर अर्थातच एमएच-१५. ड्रायव्हरच्या पायाखालचा नमदा काढला तर खालून चक्क रस्ता दिसला. बाबांच्या टाचेखाली पुरीएवढं भोक, आणि सीटच्या बाजूला बोटानं दाबलं तर पापडासारखा मोडणारा पत्रा. भंगारवाल्याचा फोन नंबर काढायला घरात दोन मिनिटं लागली. बाबा गप्प होते.

आता यात एवढं काय, जुनी गाडी आहे, विका आणि मोकळे व्हा, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००, इटलीत १९५३ मध्ये आलेलं मॉडेल. ती आपल्याकडे प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्यात बनवली आणि २००१ च्या सुमाराला थांबवली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली आणि २० वर्षं भरल्यावर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. थोडक्यात, गेलेली पद्मिनी परत शोरूममध्ये मिळत नाही.

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जुन्या जीपला खाली वेगळी चॅसी असते. तिचा तळ गंजला तर पाय ओले होतात, एवढंच. पद्मिनी मात्र मोनोकॉक. चॅसी नाही, तळ-खांब-छप्पर मिळूनच गाडीचा सांगाडा. सीट त्याच पत्र्यावर उभी, बेल्टचा बोल्टही तिथेच आसपास. म्हणजे टाचेखालचं भोक आणि सीटखालचा गंज, या दोन वेगळ्या केस आहेत. एकात चिखल उडतो. दुसऱ्यात माणूस उडू शकतो!

मी तसं दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारी. पण सलग सहा रविवार मिसळ झाल्यावर द्वारकेच्या अलीकडच्या एका गॅरेजात गेले. तिथले चाचा चाळीस वर्षं डेंटिंग करतायत. म्हटलं, "चाचा, मला शिकवाल?" त्यांनी आधी माझ्या सॅंडल्सकडे पाहिलं. "बेटा, उद्या बूट घालून ये. आणि हा नायलॉनचा दुपट्टा घरी ठेव. कॉटनचं जाड काहीतरी घाल." पहिला धडा झाला.

दुसरा धडा पत्र्याचा. गाडीचा तळ साधारण ०.९ ते १.२ मिलिमीटर जाड, गॅरेजच्या भाषेत २० ते १८ गेज. (गेज वाढला की पत्रा पातळ, हे आधी डोक्यात बसवा!) गेट-ग्रिलवाल्यांचं काडीचं वेल्डिंग एवढ्या पातळ पत्र्यावर नवख्यानं मारलं, तर भोक बुजण्याऐवजी मोठं होतं. म्हणून सीओटू वेल्डिंग. बंदुकीसारखा टॉर्च, त्यातून ०.८ मिलिमीटरची तार येत राहते आणि भोवतीचा गॅस वितळलेल्या धातूला हवा लागू देत नाही. दोन रविवार मी फक्त भंगारातल्या पत्र्याचे तुकडे जोडत होते. सरावाच्या पत्र्याला भोकं पडतात, तो असतोच त्यासाठी. चाचा तुकडा उचलायचे, पक्कडीत धरून वाकवायचे. सांधा सुटला तर काही न बोलता पुढचा तुकडा द्यायचे. अप्रेझल असावं तर असं!

तिसऱ्या रविवारी पद्मिनी. आणि गंमत बघा, त्या दिवशी वेल्डिंग झालंच नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. सीट, नमदा, वायरिंग बाजूला. टाकी मागे आणि इंजिन पुढे, म्हणजे पेट्रोलची नळी खालून जाणार. ती शोधायची, सोडवायची, दूर ठेवायची. पाण्याची बादली आणि पावडरचं एक्स्टिंग्विशर हाताशी, आणि गाडीखाली नजर ठेवायला एक माणूस. ठिणगी वर दिसते, आग खाली लागते, हे चाचांचं वाक्य मी डेस्कवर चिकटवणार आहे.

मग ग्राइंडर. इथे मन घट्ट करावं लागतं. भोक पुरीएवढं होतं, कापून झाल्यावर ताटाएवढं झालं. कारण गंजावर वेल्डिंग धरतच नाही. चकचकीत, जाड, निरोगी पत्रा लागेपर्यंत कापत जायचं. त्या भोकावर पुठ्ठा ठेवून आकार काढायचा, तोच आकार साध्या सीआर पत्र्यातून कापायचा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्वस्तात मिळाला तरी नको. त्यावरचं जस्त जळतं आणि तो धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप!

आणि वेल्डिंग? सलग रेघ ओढायचीच नाही. एक टाका इथे, पुढचा समोरच्या कडेला, तिसरा कोपऱ्यात. मध्ये थांबायचं, पत्रा गार होऊ द्यायचा. एकाच जागी उष्णता साठली की ठिगळ पुरीसारखं फुगतं. शेवटी टाक्यांमधल्या जागा भरत जायच्या. काळ्या काचेतून दिसतं ते फक्त एक हिरवट, वितळलेलं टिंब, आणि तेवढा वेळ जगात दुसरं काही नसतं. ना मेल, ना डेडलाइन. (काच मात्र योग्य शेडचीच हवी. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला तर काही तासांनी डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं.)

टाचेखालचं ठिगळ माझं. सीटखालचा भाग मात्र मी चाचांना करायला दिला. "तूच कर की, हात बसलाय आता," ते म्हणाले. मी नाही म्हटलं. चार रविवारांच्या हातावर चिखल अडवायचा पत्रा ठेवता येतो, बाबांची सीट नाही. चाचा हसले आणि हेल्मेट खाली ओढलं. मला वाटतं, त्यांना हेच ऐकायचं होतं.

पुढचं सगळं बोअरिंग, पण त्यावरच ठिगळाचं आयुष्य. सांधे घासायचे, प्रायमर, सांध्यांवर सीलर, मग रंग, खालून अंडरबॉडी कोटिंग. कोटिंग गंजावर थेट फासलं तर गंज आतल्या आत मजेत वाढतो. आणि पाणी आलं कुठून तेही शोधायचं. आमचं विंडस्क्रीनच्या तडकलेल्या रबरातून येत होतं. ते बदललं नसतं तर चारेक वर्षांत पुन्हा तेच.

आता खर्च. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षं, नंतर दर ५ वर्षांनी आरटीओत फिटनेस आणि रिन्यूअल. जी फी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या कारला १० हजार. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर. म्हणजे जुनी गाडी ठेवणं हा बचतीचा मार्ग नाही, हे नक्की. पैशाचा हिशेब लावाल तर भंगारवालाच जिंकतो.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी बाबा ड्रायव्हर सीटवर बसले. मॅट टाकू दिलं नाही. टाच दोनदा आपटून पाहिली, मग वाकून माझ्या ओबडधोबड टाक्यांवरून बोट फिरवलं. "सरळ नाहीये," म्हणाले. "पण घट्ट आहे." आणि गंगापूर धरणापर्यंत चक्कर मारायला किल्ली फिरवली.