मॉनिटर काळा पडला, म्हणून माणसाने परत जायचं?

मंडळी, आज बातमी नाही. थोडा राग आहे आणि थोडी कामाची माहिती आहे. पोस्ट लांब आहे, पण जमलं तर पूर्ण वाचा.

मागच्या बुधवारी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. कोणतं ते लिहीत नाही, कारण हे एकाच ठिकाणी होतं असं नाही. बाहेर बाकावर एक आजी बसल्या होत्या. डोंगरातल्या पाड्यावरून आलेल्या, नातवाच्या दाखल्यासाठी. आतून उत्तर आलं, "कॉम्प्युटर खराब आहे, पुढच्या बुधवारी या." आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, मागच्या बुधवारीपण हेच सांगितलं." दोन वेळचं जीपचं भाडं गेलं, दोन दिवसांची मजुरी बुडाली.

मी आत डोकावलो. मॉनिटर काळा होता, पण त्यावर 'नो सिग्नल' अशी छोटी चौकट इकडून तिकडे फिरत होती. आता ज्याला थोडंफार कळतं त्याला माहीत आहे, ही चौकट दिसते म्हणजे मॉनिटर जिवंत आहे. तो सांगतोय की मी चालू आहे, मागून मला काही येत नाही. केबल सैल असेल, किंवा सीपीयूच चालू झाला नसेल. मी म्हटलं, "मागची केबल दाबून बघू का?" तर म्हणे, "हात लावू नका, इंजिनिअर येणार आहे." इंजिनिअर कुठून येणार? नंदुरबारहून. कधी? ते कोणालाच माहीत नाही.

हे मी एवढ्या ठामपणे लिहितोय, कारण मे महिन्यात माझ्या घरच्या मॉनिटरने मला हे सगळं शिकवलं. साडेअठरा इंची, पंधरा वर्षं जुना. खापरच्या किती बातम्या त्याच्यावर टाईप केल्या त्याची मोजदाद नाही. एक दिवस चालू केला की दोन सेकंद चित्र दिसायचं आणि अंधार. बटण दाबलं की परत दोन सेकंद. आधी बोर्डातली पिन बदलली. मग केबल बदलली, कारण व्हीजीए केबलची एखादी पिन वाकली तरी रंग गुलाबी-पिवळे होतात, कधी चित्रच येत नाही. फरक पडला नाही. मग एका मित्राने फोनवर सांगितलं, खोलीत अंधार कर, मोबाईलची टॉर्च तिरकी धरून स्क्रीनवर मार. मारली. आणि खरंच, आत पुसट पुसट माझी कालची अर्धवट बातमी दिसत होती! म्हणजे चित्र तयार होतंय, फक्त त्यामागचा उजेड गेलाय.

शहरातल्या एका दुकानात नेला तर उघडलाही नाही. "साहेब, जुना आहे, नवीन घ्या." शेवटी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या आपल्या ओळखीच्या एका भावाने उघडला. आतल्या पॉवरच्या पट्टीवर दोन छोटे कंडेन्सर वरून फुगलेले. पंख्यात असतो तसाच प्रकार, पण बोटाच्या पेरापेक्षा लहान. त्याच्या आत जे द्रावण असतं ते उष्णतेने वर्षानुवर्षं सुकत जातं. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशीच्या वर, वर पत्र्याचं छत, त्यात व्होल्टेजची ये-जा. आणखी काय होणार? त्याने तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, १०५ डिग्रीवाले नवीन टाकले, प्लस-मायनस बघून सोल्डर केले. मजुरीसकट अडीचशे रुपये. ही पोस्ट त्याच मॉनिटरवर लिहितोय.

(उत्साहात स्वतः उघडू नका बरं का. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये करंट राहतो, आणि जुन्या मॉनिटरची ट्यूब पेटवायला आत हजाराच्या वर व्होल्ट लागतात. बाहेरची तपासणी तुम्ही करा, आतलं काम माहीतगाराचं.)

आता मूळ मुद्दा. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्या जिल्ह्यात दिला गेला. २९ सप्टेंबर २०१०, शहादा तालुक्यातलं टेंभली, रंजना सोनवणे. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते. त्यानंतर सातबारा, दाखले, रेशन, पेन्शन सगळं कॉम्प्युटरवर गेलं. चांगलंच झालं, मी विरोधात नाही. पण कागदाच्या काळात पेन बिघडला तर दुसरा पेन मिळायचा. आज एक केबल सैल झाली की अख्ख्या पाड्याचं काम थांबतं.

आणि यात एक गोम आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. सेवेची मुदत ठरलेली आहे, विनाकारण उशीर केला तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. पण दिवस मोजायचे ते अर्ज मिळाल्यापासून. मॉनिटर काळा म्हणून अर्जच घेतला नाही, तर मोजणी सुरूच होत नाही! आजींचे दोन आठवडे कोणत्याच हिशेबात नाहीत. कागदोपत्री त्या आल्याच नव्हत्या. म्हणून सांगतो, कॉम्प्युटर बंद असेल तरी अर्ज लेखी द्या आणि तारीख टाकून पोच मागा. कायद्यात लेखी पोचही चालते. नाही म्हणाले तर वरिष्ठांकडे तक्रार करा.

मी विचारलं होतं, दुरुस्ती का करत नाही? उत्तर मिळालं, "दुरुस्तीला पैसे नाहीत, नवीनचा प्रस्ताव पाठवलाय." अडीचशे रुपये नाहीत, हजारोंचा प्रस्ताव आहे. हे गणित मला अजून सुटलेलं नाही. तोपर्यंत जुने मॉनिटर कोपऱ्यात धूळ खात पडतात, मग कधीतरी निर्लेखन, मग भंगारवाला. त्या जुन्या ट्यूबांमध्ये पारा असतो, त्याहून जुन्या डबा मॉनिटरच्या काचेत शिसं. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. असा माल नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा. आपल्याकडे तो हातगाडीवर जातो आणि पोरं दगडाने फोडतात. केंद्राने २४ डिसेंबर २०२२ ला 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून पोर्टलही काढलं. छान आहे. फक्त ते बघायला चालू मॉनिटर लागतो.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक कार्यालयात एक जादा केबल ठेवा. छोट्या दुरुस्तीसाठी थोडी रक्कम तिथल्या माणसाच्या हातात द्या, आणि तिथेच बसणाऱ्या ऑपरेटरला केबल दाबून बघायची परवानगी द्या. बहुतेक ऑपरेटर हुशार पोरं आहेत, पण 'हात लावला आणि बिघडलं तर भरपाई कोण देणार' ही भीती त्यांना वरूनच घातलेली असते. आणि आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली पोरं कामासाठी गुजरातेत अंकलेश्वरला जातात. त्यांना महिन्यातून एक दिवस सगळ्या कार्यालयांची फेरी मारायला लावली तर?

तुमच्याकडे कोणतं कार्यालय किती दिवसांपासून 'बंद' आहे, कमेंटमध्ये तारखेसह लिहा. कर्मचाऱ्यांची नावं नकोत, तारीख पाहिजे.

परवा बुधवार आहे. आजी परत येणार आहेत. मीपण जातोय, पिशवीत घरची व्हीजीए केबल आणि अर्जासाठी दोन कोरे कागद घेऊन.